खोड

मी काच कापतो. चित्रातलं मला कळत नाही,
पण कोणाची काच परत आली, कितीदा आली,
कुठल्या कोपऱ्यात खरवडलेली, हे मला विचारा.

यान्दे सार पहिल्यांदा दुकानात आली
तेव्हा तिच्या अंगाला सुक्या मासळीचा वास होता.
गेत-न्दारच्या सगळ्यांनाच असतो.
म्हणाली, दोन वीत बाय दीड, सहा तुकडे. उधार.

आमच्या सेंट-लुईत चित्र काचेच्या पाठीवर काढतात.
शेवटचं ते आधी:
बुबुळातला ठिपका, मग डोळा, मग चेहरा,
आकाश सगळ्यांत उशिरा.
सही उलटी, आणि तीही सुरुवातीलाच.
म्हणजे चित्र व्हायच्या आत
ते आपलं असल्याची कबुली देऊन मोकळं व्हायचं.

यान्दे सही करायचीच नाही.
नऊ वर्षं तिने उस्ताद बिरान न्यांगचे घोडे गिरवले,
त्यांची नवरी, त्यांचा सिंह, त्यांचा पगडीवाला म्हातारा.
घोडे असे, की उस्ताद ते आपलेच समजून विकत.
फक्त लगाम बिघडायचा.
लगामाची रेघ तिच्या हातून सरळ जायची नाही,
मध्येच थांबायची, वळसा घ्यायची, पुढे सरकायची,
जाळं सांधताना तिच्या बापाची सुई जायची तशी.
उस्ताद म्हणत, ही खोड मोड.
ती ब्लेडने खोडायची.
मी त्या काचा पाहिल्यात, रॉकेलने पुसलेल्या.
उन्हात तिरप्या धरल्या की घोडा गेलेला असायचा
आणि लगाम तिथेच.

लोक मला विचारतात, मग तिचं ते सुरू कधी झालं?
त्यांना एखादी रात्र हवी असते, वादळ वगैरे.
माझ्या वहीत तसं काही नाही.
उस्तादांना दिसेनासं झालं.
घोड्यांची गिऱ्हाइकं पांगली.
ब्लेड बोथट झालं होतं,
आणि नवं घ्यायला त्या महिन्यात पैसे नव्हते,
म्हणून गाठी राहिल्या.

मग त्या पसरल्या.
आईची प्लास्टिकच्या दोऱ्यांची खुर्ची गाठींची,
किटलीतून पडणारी चहाची धार गाठींची,
नदी, लोखंडी पूल, शेजारणीची वेणी,
बाप बुडाला त्या सकाळचा रिकामा किनारासुद्धा.
सगळंच चांगलं होतं असं नाही.
एक अख्खं वर्ष तिने नुसत्या गाठी काढल्या, निळ्यावर निळ्या.
एकही काच खपली नाही.
ती उधारी अजून माझ्याकडे लिहिलेली आहे.

यंदा वाळवंटाची धूळ यायला लागली तेव्हा
ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चौकट घेऊन आली.
डाकारच्या बाजारात मिळाली म्हणाली.
खुर्ची होती, किटली होती, गाठी होत्या,
आणि खाली सही. तिचीच, ठसठशीत,
तिने जन्मात कधी न केलेली.

मला वाटलं, आता भांडण. पोलीस.
ती स्टुलावर बसली. चहाचे तिन्ही फेरे झाले,
पहिला कडू, शेवटचा नुसती साखर,
तरी ती बघतच होती.
गाठी एकसारख्या होत्या, दर दोन बोटांवर, मोजून.
मग तिने त्यावर नख फिरवलं.
म्हणाली, यातून मासा निसटेल.

हसली. मी माझ्या गाठी आजच पाहिल्या, म्हणाली,
याने इथे घातलीय, तिथे मी थांबले नसते.

मी विचारलं, पण खोटी आहे हे कळलं कसं,
चित्र तर पोत्यात पालथं पडलं होतं म्हणतेस?
काचेवरून, ती म्हणाली. काच तुझी नव्हती.
तुझी कड टोकाला आली की जराशी डावीकडे उतरते.

तेहतीस वर्षं मी पट्टी लावून कापतोय.

सहा तुकडे घेऊन ती गेली, उधार.
मी सातवा उचलला,
दार लावून घेतलं,
आणि कडेवरून हळूच अंगठा नेला.

उतरत होती.