कबुतरांची नोंदवही

सहाशे चाळीस अर्ज, जागा एक.
ग्लिवित्सेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
हीटर खोकतो आणि मी वाचत बसतो:
शिकण्याची तळमळ, संघभावना, झपाटून काम करण्याची तयारी.
तीच वाक्यं, तोच क्रम,
तोच हवामान सांगणारा प्रोग्राम: सूर्य, ढग, थेंब.
तीच कामांची यादी, जिच्यातलं एकही काम
कधी कुणी केलेलं नाही.
दुपारपर्यंत मला वाटू लागलं,
एकच माणूस सहाशे वेळा जन्मलाय
आणि दर वेळी त्याला गडद निळा रंग आवडतो.

मग बोग्ना पियेखा, बितोमची.
पहिलीच ओळ: यात एक चूक होती, आधी ती सांगते.

तिच्या आजोबांचं मंडळ, अकरा निवृत्त खाणकामगार
आणि तीनशे कबुतरं.
ओपोलेच्या पलीकडे ट्रकची दारं उघडतात
आणि इकडे, काजळलेल्या विटांच्या चाळीमागे,
म्हातारे माना वर करून बसतात.
जन्मभर जमिनीखाली राहिलेली माणसं.
पाखरू उतरलं की पायातलं कडं बघायचं,
पेन्सिलीनं वहीत वेळ टिपायची
आणि मग रविवारभर भांडायचं.
भांडण मिटावं म्हणून तिनं प्रोग्राम लिहिला.
सुटायची वेळ धरली बितोमच्या घड्याळाची,
पोचायची वेळ घेतली सर्व्हरच्या.
दोघांत दोन तासांचं अंतर.
पहिल्याच शर्यतीत एक करडी मादी
सुटण्याच्या अर्धा तास आधीच घरी पोचली.
मंडळानं तिला मानाचा मका चारला.
आलोय्झ आजोबा आजही शपथेवर सांगतात,
ते पाखरू तसंच होतं.

मी कोड उघडला.
फार देखणा नव्हता. नावं अर्धी पुस्तकी, अर्धी घरची,
एका फंक्शनचं नाव तर चक्क ‘आजोबा_ओरडतील’.
पण न परतलेल्या पाखरांसाठी
मी जिथे डोळे मिटून शून्य लिहिलं असतं,
तिथे तिनं लिहिलं होतं: ‘वाट पाहतोय’.
आणि शेजारी टीप:
चौथ्या दिवशीही येतात.
‘हरवलं’ हा शब्द मालकाशिवाय कुणी लिहायचा नाही.

मुलाखतीत ती अडखळली.
उर्शुलानं ठरलेला प्रश्न विचारला, यादी उलटी करा;
कान लालबुंद झाले पोरीचे.
म्हणाली, येत नाही. कशी शोधून काढीन ते सांगू?
सांगितलं. वाटेत दोनदा चुकली,
दोन्ही वेळा स्वतःच मागे फिरली.
किती ठिकाणी अर्ज केलेत आत्तापर्यंत?
दोनशे अकरा, ती म्हणाली.
नऊ ठिकाणाहून नकार आला.
बाकीची अजून उतरली नाहीत.
हे तिनं हसत सांगितलं,
खिडकीकडे अगदी सहज बघत,
आणि उर्शुलानं पेन खाली ठेवलं.

एक तारखेपासून ती येतेय.
पगार बेताचा, खुर्ची हीटरजवळची.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी उरलेली यादी उघडली, सहाशे एकोणचाळीस नावं.
एक बटण दाबलं की सगळ्यांना एकच वाक्य जातं,
तेही आम्ही कधी दाबत नाही.
ताकास तूर लागू न देण्याची आमची रीत.
पहिलं नाव होतं रादोस्वाव कुश, वय तेवीस.
काय लिहायचं ते सुचेना,
म्हणून त्याचा प्रोग्राम पुन्हा उघडला.
तेच ते, हवामान.
सूर्य, थेंब, गडद निळं आभाळ.
पण ढगाला त्यानं हातानं
एक बारीक डोळा काढला होता, मिटलेला,
आणि बाहेर वारा सुटला की
तो उघडत होता.

सकाळी मी हे पाहिलं नव्हतं.