पाणी मुरू नये म्हणून

रोलर आला तेव्हा कनोला निघून गेला होता,
नुसती खुंटं उरलेली, बुटाच्या तळव्याला टोचणारी.
ओस्ताप मेलनिचुक फाटकाला टेकून उभा, हात खिशात.
मी नगरपालिकेचा माणूस. माझ्याकडे नकाशा.
नकाशात त्याचं शेत म्हणजे
तळं क्रमांक तीन, तळं क्रमांक चार
आणि भोवती एक तुटक रेघ.

"ही रेघ कसली?"
वासाची हद्द, मी म्हणालो.
हिच्या आत कुणी घर बांधायचं नाही.
"आणि पेरायचं?"
पेर की.
पुढे विकायला निघालास तर कोण घेईल, हे मी बोललो नाही.
तोच म्हणाला,
"म्हणजे जमीन माझी, वारा तुमचा."

मॅनिटोबात शेताला बांध नसतो.
मैलामैलावर रस्ता, पट्टी ठेवून ओढल्यासारखा,
बांध कोरला म्हणून कुणी कुणाच्या अंगावर जात नाही.
पहिला बांध आम्ही घातला.
चार मीटर उंच, वरून ट्रक जाईल इतका रुंद.

वरची काळी माती खरवडून ढीग केला,
खालची चिकण उघडी पडली, ओल्या शिशासारखी.
तिच्यावर रोलर फिरला अठरा दिवस.
ऐंशी वर्षं या जमिनीचं कौतुक एकच होतं, की ती पाणी पिते.
एप्रिलात बर्फ वितळायचं,
शेजाऱ्यांच्या शेतात अजून बदकं पोहत असायची
आणि मेलनिचुक पेरायला लागलेले.
आता तिला शिकवायचं होतं
थेंबही आत घ्यायचा नाही.
मी नळी पुरली, खूण केली, आठवडाभर पाहत राहिलो.
अहवालात लिहिलं: पाणी मुरत नाही.

उत्तरेचा तुकडा त्यानं आधीच विकला होता,
बायकोच्या आजारपणात. तिथे तीनशे घरं उठली.
वसाहतीचं नाव सोनेरी ओंबी.
त्यातलं एक घर त्याच्या मुलीचं, लारिसाचं.
तीनशे घरांच्या मोऱ्या, संडास, कपडे धुण्याची यंत्रं,
पाणी कुठेतरी जाणारच.
ते उतारानं निघालं
आणि बापाच्या दुसऱ्या शेतात येऊन थांबलं.

दक्षिणेचा वारा सुटला की लारिसाचा फोन येतो.
खिडक्या लावून बसलोय, म्हणते, मुलं जेवत नाहीत.
मी वहीत उतरवतो: वेळ, वाऱ्याची दिशा, तक्रारदाराचं नाव.
माहेरचं आडनाव ती सांगत नाही. मी विचारत नाही.

दगडांचं राहिलं.
थंडी दरवर्षी जमिनीतून दगड वर ढकलते,
बटाटे उगवावेत तसे ते वसंतात उगवतात,
आणि पेरणीआधी घरादारानं ते वेचायचे.
शेताच्या कोपऱ्यात तीन पिढ्यांचा ढीग होता,
शेवाळलेला, आत खारींची बिळं.
ठेकेदारानं विचारलं, हे कुणाचे?
नकाशात तर नव्हते.
लाटांनी बांध झिजू नये म्हणून
त्यानं ते आतल्या उतारावर लावून टाकले,
दोन दिवसांत, यंत्रानं.

परवा ओस्ताप आला. फाटक मीच उघडलं.
बांधावरून चालत गेला, खाली वाकून बघत,
जत्रेत हरवलेलं पोर शोधावं तसा.
एक तांबूस होता, म्हणाला,
घोड्याच्या डोक्याएवढा, मधून पांढरी शीर.
आजीनं एकटीनं काढला होता, लोखंडी पहार घालून,
पोटात माझा बाप असताना.
मला आठवत नव्हता. मी म्हणालो,
पाण्याखाली असेल. वर तर दिसत नाही.

पाण्यावर पाणकोंबड्या होत्या, बरीच पिल्लं.
त्यांना इथे चांगलं मानवलंय.

"पाणी कधी सोडता?"
जूनमध्ये. पंधरा तारखेनंतर, तपासणी झाली की.
"किती उतरतं?"
मीटरभर. कधी जास्त.

त्यानं टोपी नीट केली.
"मग जूनमध्ये येतो," म्हणाला,
आणि फाटक स्वतःच लावून घेतलं,
जुन्या सवयीनं, कडी दोनदा हलवून.