तिसरी फेरी

वेल्समधलं ब्लायनाय. चढावर, पाटीच्या दगडाच्या छपराखाली
एलुनेडबाईंचा बॉयलर मनाला येईल तसा वागायचा.
दुपारी घर तव्यासारखं,
रात्री नुसतं गारठलेलं.

पहिल्यांदा गेलो ते सकाळी दहाला.
रेडिएटरची किल्ली फिरवली, हवा फुसफुसली,
मग शाईसारखं पाणी, फडक्यावर.
"आता बघा," म्हणालो.

दुसऱ्यांदा पंपच बदलला.
वरचे पाइप, खालचे पाइप,
हात लावावा तर सगळे शहाण्यासारखे गरम.
दोनशे चाळीस पौंड.
त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून मोजून दिले,
अंगात दोन स्वेटर.

पुन्हा फोन. त्या दिवशी मला उशीर झाला,
खाणीवर अंधार उतरलेला.
त्यांनी चहा ठेवला, विणकाम घेतलं
आणि कोपऱ्यातला दिवा लावला.
जुना दिवा, साठचा बल्ब.
त्याच्या वर वीतभर अंतरावर
थर्मोस्टॅट.

विसाव्या मिनिटाला टक्.
बॉयलर गप्प.
त्या बिचाऱ्याला भिंतीएवढंच घर ठाऊक,
आणि भिंत तर छान उबदार होती.

"हा दिवा कधीपासून इथे?"
"डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून.
इथे टाके दिसतात मला."

दिवा मी हलवला नाही.
थर्मोस्टॅट जिन्यापाशी नेला, भोकं बुजवली,
पैसे नको म्हणालो.
पंपाबद्दल मात्र काही बोललो नाही.

तो जुना पंप, ज्याला काहीच झालं नव्हतं,
अजून व्हॅनमध्ये मागे आहे.
वळण आलं की घरंगळतो.