मॉडेल

तेहतीस वर्षं मॉडेल मिलमध्ये होतो,
आता नुसताच मॉडेल आहो.
पोट्टे हासतात ह्यावर. नवीन बॅच आली
का मीच सांगतो दर साली.

तांडापेठेतून सायकलनं येतो.
लाकडाच्या ओट्यावर खुर्ची, खुर्चीवर मी,
भवताल अठ्ठावीस पोट्टे, ज्या बाकावर बसतात
त्याले डाँकी म्हनतात.
मे महिना. कूलर ओल्या गवताचा वास फेकते.
सर म्हनतात, काका, हलू नका.
मी कुठी हललो?
गिरणी गेली, मी तसाच.

हिशोबाचा बाबू व्हाउचरवर दरवेळी
'निनावी' लिहिते.
निनावे, मी म्हनतो. पुंडलिक निनावे.
वेलांटी नाही बाबू, मात्रा.
रेशनच्या मशीनलेबी माहा अंगठा पटत नाही,
सुतानं रेषा खाल्ल्या.
मंग मी कोन, हे इथं येऊन
पोट्ट्यायले इचारतो.

पंचवीस मिनिटं बसनं, पाच मिनिटं सुट्टी.
त्या पाचात मी त्यायच्या मागून फिरतो,
मले पाहाले.
एकात मी रागीट.
एकात माहा मोठा भाऊ, जो विसाव्या वर्षी गेला,
जिता असता तर असाच दिसता.
एकानं इतकं गोरं केलं
का आजबी पोरगी सांगून येईन.
एकानं सुरकुत्या मोजून काढल्या,
एकबी सुटली नाही,
पन आत कोनी राहत नाही.
रिकामं घर, कुलूप मात्र बरोबर.

सर म्हनतात, नाक मिळालं म्हंजे मानूस नाही मिळाला.
आतलं काढा.
आत काय, सकाळचे तर्री-पोहे.

कोपऱ्यात दुरुगकरची प्रांजली, कामठीची.
बोलत नाही. कोळसा घासते, पुसते.
पुसाले शिळा पाव आनते,
पावानं कोळसा चांगला निघते म्हने.
तिनं डोळे तीनदा काढले, तीनदा पुसले,
मंग सोडूनच देल्ले.
डोळ्यायच्या जागी दोन सावल्या.
सगळा कोळसा डाव्या कानात.

मान जराशी कललेली,
जसं शेजारच्या खोलीतून कोनी हाक मारून रायलं
अन् ह्या मानसाले
समजून नाही रायलं
का आपल्यालेच मारली.

मी हे कोनाले सांगतलं नव्हतं.

शेडमध्ये माग चालू झाले
का आमी एकमेकायचे ओठ वाचत होतो.
कानाचं काम नव्हतं तिथं.
मंग घरी कान सापडेना.
कौतिकानं त्या रात्री हाक मारली असन.
एकदा? दहादा?
मधात भिंत होती, एका विटेची.
सकाळी माठापाशी गिलास आडवा होता,
एवढंच मले माहीत.

"काका, चुकलं का?"
मी तिचे ओठ वाचले. म्हटलं,
"इतकं काळं काहून केलं? जरा पूस."
ती काही बोलली नाही.
पावाचा तुकडा माह्या हातावर ठेवला.

मऊ होता. एका बाजूनं काळा.
मी हात वर नेला, कानापर्यंत,
कागदातल्या नाही, माह्या.
तितक्यात चहा आला.
पाव चहात बुडवला
अन् खाऊन टाकला.

सरांनं टाळी वाजवली असन.
पोट्टे बसले, म्हनून मीबी जाऊन बसलो.
ओट्यावर खडूनं पायाच्या खुना केलेल्या असतात,
पाय जिथं होते तिथंच याले पायजे.
मानेची खूण कोनी करत नाही.
ती आपोआप जाते.