तारा असलेली नोट

दत्तमंदिर चौकातल्या दवाखान्यात
डॉक्टर मृण्मयी साळी माझं हाड उजेडात धरतात.
काळ्या फिल्मवर पांढरी ओळ, मधे दोन घरं रिकामी.
एक दाढ लॉकडाऊनमध्ये गेली, मीठ-पाण्यावर दिवस काढता काढता,
दुसरी गेल्या दिवाळीत, चकलीवर.

"तीन मार्ग आहेत, कुमुदताई."

पहिला, कवळी. घालायची, काढायची, रात्री पाण्यात ठेवायची.
स्वस्त.
मला आमच्या गल्लीतले बागूलभाऊ आठवले.
गंगेवर चूळ भरताना त्यांची कवळी गेली वाहून,
आणि माणूस बुडाल्यासारखे चार जण
गुडघाभर पाण्यात हात घालून शोधत होते.
"सिंहस्थात येईल वर," असं थोरला मुलगा म्हणाला.
तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद.

दुसरा, ब्रिज.
रिकाम्या जागेच्या अल्याडचा-पल्याडचा दात कोरून बारीक करायचा,
त्यांच्या आधारानं चार दातांचा एक सलग पूल.
"पण ते दोन तर चांगले आहेत," मी म्हटलं.
"हो ना," त्या म्हणाल्या, "चांगले आहेत म्हणूनच."

अण्णा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची.
धाकट्या तिघांचं माझ्यावर टाकताना
मामांनी हेच कारण दिलं होतं.

तिसरा, स्क्रू. थेट हाडात.
मग तीन-चार महिने थांबायचं,
हाड त्याला आपलं म्हणतं का बघायचं.
त्याआधी साखर सातच्या खाली.
आणि खर्च,
तो डॉक्टरांनी तोंडानं सांगितला नाही, कागदावर लिहून
कागद माझ्याकडे सरकवला.

प्रेसमध्ये एकतीस वर्षं मी नोटांचे ताव तपासले.
शाई फुटलेली, कड सरकलेली, आकडा पुसट: बाजूला.
हाताखालून कोट्यवधी जायचे
आणि जेलरोडच्या बसला सुटे नसायचे.
रक्कम मला अजून आकड्यात कळत नाही, जाडीत कळते.
पाचशेचं एक अख्खं पाकीट
आणि दुसऱ्यातलं अर्धं.

"काहीच नाही केलं तर?"
"तर वरचा दात हळूहळू खाली उतरेल.
समोर कुणी नसलं की तो शोधत येतो.
आणि खालचं हाड,
काम नाही म्हणून झिजतं."

रात्री उजवीकडून भाकरी चावताना
जीभ त्या जागेत जाऊन आली.
हल्ली न विचारता जाते,
निवृत्त झाल्यावर महिनाभर
माझे पाय जसे पहाटे गेटकडे वळायचे.

बाद नोट निघाली की तिच्या जागी दुसरी घालत.
तिच्या क्रमांकात एक बारीक तारा.
पाकिटाच्या पट्टीवर तसं छापलेलं असायचं,
आत ताऱ्याच्या नोटा आहेत. लपवालपवी नाही.
किंमत तेवढीच.
एकदा पोस्टात एका बाईनं तसली दहाची
खोटी म्हणून खिडकीतून परत सारली.
मी रांगेत मागे होते. स्वतःची दहाची दिली, ती घेतली.
काही बोलले नाही, उगाच कान मात्र तापले.
अजून आहे ती, रेशनकार्डाच्या घडीत.
आज काढून पाहिली. कुठे दुमडली नाही, नुसती मऊ झालीय.

सकाळी फोन केला.
"स्क्रूच. पण आधी एकच बसवा.
दुसरीचं भाद्रपदात, ठेव सुटली की."
"चालेल. आधी कुठली, पुढची की मागची?"

याचा विचारच केला नव्हता.
ओट्यावर द्राक्षं धुऊन ठेवली होती, काळी, बियांची.
साखरेला न विचारता एक तोंडात टाकलं,
डावीकडे नेलं.
हिरडीखाली फुटलं, बी निसटली,
पुढून मागे, मागून पुढे.

"हॅलो? कुमुदताई?"
"थांबा हं," मी म्हटलं,
"बघून सांगते."