हजारातलं एक

पहाटे साडेचारला गंगावेशीच्या कट्ट्यावर
आचळातून थेट ग्लासात दूध पडतं,
फेस वर येतो,
आणि सातापा पैलवान फेस फुंकत विचारतो,
"पोचलं असंल का रं ते?"

फेब्रुवारीपासून रोज हेच.
गिऱ्हाइकांना वाटतं, घरचं कोणी प्रवासाला गेलंय.

आम्ही गेलो होतो, खरं सांगायचं तर, मासे खायला.
चौघं, इलाहीच्या जीपमधून.
गगनबावड्याला चहा, करूळ घाटात दोन उलट्या,
दोन्ही पैलवानाच्या.
एवढा देह, पण घाट सोसत नाही.
खाली उतरलो तर हवा अंगाला चिकटली
ओल्या लंगोटासारखी.

वाडीच्या पुढं पाटी:
येथून पुढे गाडी नाही, दिवा नाही, मोठा आवाज नाही.
आता कोल्हापूरच्या माणसाला मोठा आवाज नाही
म्हणजे बोलूच नका.
तरी गेलो. चपला हातात घेऊन,
देवळात जातात तसं.

ओहोटी होती. खडकाच्या खळग्यात पाणी अडकलेलं,
तळाशी एक फूल. बोट नेलं तसं मिटलं.
फूल नव्हतंच ते, तोंड होतं त्याला.
पलीकडं एक शंख चालत निघालेला,
आतला खेकडा म्हणे दुसऱ्याच्या घरात राहतो.
"म्हणजे माझ्यागत," इलाही म्हणाला,
"शाहूपुरीत, पागडीवर."
लांब पाण्यात एक काळी पाठ वर आली, बुडाली.
मी म्हणालो, "म्हैस."
राखणीची बाई हसली नाही, हे तिचं मोठेपण.
"डॉल्फिन. आमी गादो म्हणतो."

शेवंती कुबल तिचं नाव.
कासवांची अंडी राखते, जाळीच्या कुंपणात,
टोपल्यांखाली. प्रत्येक टोपलीवर तारीख,
डेअरीच्या कॅनवर असते तशी.

दिवस कलताना तिनं एक टोपली उचलली.
वाळू हलली.
आधी नाक.
मग अख्खं, कंदी पेढ्याएवढं, काळपट,
हात वल्ह्यासारखे.
समुद्र वीस पावलांवर, म्हणजे माझ्या वीस.
त्याच्या हिशेबानं अर्धा तालुका.

वाटेत एका पायाच्या ठशात ते गडगडलं,
उताणं पडलं.
ठसा सातापाचाच. एवढा पाय दुसऱ्या कुणाचा?
खासबागेत ज्यांनी माणसं उचलून आपटली
ते दोन्ही हात आपसूक खाली गेले.
"हात लावू नुको," शेवंती म्हणाली, हळूच.
"तेका वाट ठावक आसा."

वाकलेला पैलवान वाकलेलाच राहिला,
सलामी घेतल्यासारखा,
गुडघा ठणकत असताना. तोच गुडघा.
खाली ते हवेत हात मारत होतं.
किती वेळ, कुणी मोजला नाही.
मग मान वाळूत रोवली त्यानं,
आणि स्वतःलाच चितपटातून सोडवलं.
आम्ही चौघांनी शिट्ट्या वाजवल्या,
नुसत्या ओठांनी, आवाज न काढता.

लाट आली. घेऊन गेली.
"हजारात एक जगता," शेवंती म्हणाली,
आणि दुसऱ्या टोपलीकडं वळली.

मासे? खाल्ले की.
सातापानं नुसता भात, सोलकढी.

परतताना घाटात त्याला उलटी झाली नाही.
बावड्याच्या चढाला एकदाच बोलला,
"तालमीतबी हेच हाय. हजारातलं एक."
इलाहीनं गिअर बदलला. "आन् बाकीची?"
"बाकीची कट्ट्यावर दूध पित्यात."
हसलो आम्ही. त्यालाही हसू आलं असावं,
अंधारात कळलं नाही.

अजून माझ्या चपलेच्या पट्ट्यातून वाळू पडते.
कट्ट्यावर दावं सोडताना म्हैस मान खाली घालते,
चप्पल हुंगते, मग चाटायला लागते,
मीठ लागत असणार तिला.
पाय काढून घेत नाही मी.
"पोचलं असंल का रं?"
"पी आधी," मी म्हणतो, "निवतंय."