दांडवण

बरणीवरची चिठ्ठी: दांडवण, नग तीन,
मुठा, ओंकारेश्वराखालचा डोह.
तारखेची शाई फॉर्मलिननं पिऊन टाकलीय.
दर मार्चला मी झाकण उघडतो, डोळे चुरचुरतात,
उडालेलं तेवढं पाणी भरतो, झाकण लावतो.

अंगाची चांदी गेली कधीच.
राहिलीय ती रेघ,
थोबाडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत
एका दमात ओढलेली, काळी.
बोटाएवढा जीव. दात तोंडात नाहीत, घशात.
खवले एका ओळीत बत्तीस. मी भिंगातून मोजले.
लोखंडे मॅडम म्हणाल्या, एकतीस.

कसब्यातल्या सुभद्राबाई मल्लाव हसल्या.
सासऱ्यांचं जाळं त्यांनी दोडक्याच्या वेलाला दिलंय.
"त्याला काय मोजायचं रे?
हळद-मीठ लावून तव्यावर, काट्यासकट.
पाव्हण्याला नाही वाढलं कधी.
घरच्यांचं मासळं ते."
आणि काठावर जाता का हो आता?
"काठ कुठाय? भिंत हाय."

फेब्रुवारीत, रविवारी, स्वारगेटहून पानशेतची एसटी,
पुढं दीड तास पायी, धरणाच्या वर.
उंबराच्या मुळांशी घोटाभर पाणी, तळाला गोटे.
माझी सावली पडली आणि डोह रिकामा.
बसून राहिलो. पाय बधिर झाला.
मग एक आलं. मग सतरा-अठरा,
सगळ्यांची तोंडं धारेकडं,
पोहत होती आणि जागच्या जागी होती.
वर एक चिलट टेकलं. टेकलंच नाही म्हणा.

भात लावणीच्या दिवसांत ही खाचरांत चढतात,
बुडालेल्या गवताला अंडी चिकटवतात
आणि मागं वळून बघत नाहीत.
राखण नाही, घरटं नाही.
ज्याचं त्यानं वाढायचं, पाणी ओसरायच्या आत
ओढ्याची वाट शोधायची.
चुकलेली बगळ्याची.

ऊन तिरकं झालं तेव्हा दिसलं:
काळ्या रेघेच्या वर दुसरी रेघ आहे,
केसाएवढी, सोन्याची.
बरणीला हे माहीतच नव्हतं.
मीही बावीस वर्षं त्याच बरणीकडं बघत होतो.

सोमवारी नोंदवही काढली.
'रंग' या रकान्यात कुणीतरी सुबक अक्षरात
'तपकिरी' लिहून गेलंय, खाली सही.
शिपायाला शाईचा अधिकार नाही.
शेजारी पेन्सिलीनं लिहिलं: सोनेरी, एक ओळ.
जिवंत असताना.
मग बरण्या पुसायला घेतल्या. मुऱ्या, मळ्या, खवली.